अजून दिवस आहे

१

आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचं उत्तर देण्याचं काम माझ्याकडे आहे.

"चेलना, दिवस आहे का?"

विचारणारे माझे सासरे, दलिचंदजी. सगळं जळगाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून आम्हीही नाना. वय अठ्ठ्याहत्तर. अठराव्या वर्षापासून त्यांचा चोविहार आहे, म्हणजे सूर्य बुडाला की अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. लग्नकार्यात नाही, तापात नाही, मे महिन्यात घराच्या भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात तेव्हाही नाही. साठ वर्षं झाली. पूर्वी ते स्वतः गॅलरीत जाऊन पश्चिमेकडे बघून यायचे. मग काचबिंदूनं डोळे गेले. आता समोर कोणीतरी उभं आहे एवढी सावली त्यांना कळते, कोण ते आवाजावरून ओळखतात. माझ्या सासूबाई, पानबाई, होत्या तोवर दिवस आहे की नाही ते त्या सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

घरात चार घड्याळं आहेत. मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट येते. मी एकदा म्हटलं, "नाना, तुम्हाला बोलणारं घड्याळ आणून देते. बटण दाबलं की वेळ सांगतं." तर म्हणाले, "घड्याळाला पाप लागत नाही. माणूस सांगतो तेव्हा तो जबाबदारी घेतो. तू सांग. तू सांगशील ते खरं."

यावर मला अभिमान वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर वैताग यायचा. हळदीकुंकू असो, मैत्रिणीकडचा वाढदिवस असो, साडेपाचला मी घरात पाहिजे. मुलगी, जिनल, पुण्याला शिकायला गेली, तिला सोडायला जिनेश एकटाच गेला. का, तर नानांना दिवस कोण सांगणार?

२

जिनेश म्हणजे माझा नवरा. दाणाबाजारात डाळीचं दुकान आहे आणि डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती झाल्याशिवाय राहत नाही. यंदा डिसेंबरात त्याच्या डोक्यात थायलंड शिरलं. चार रात्री, पाच दिवस, साइटसीइंग आणि ॲडव्हेंचर.

"नानांचं काय?" मी विचारलं.

"त्यांनाही नेऊ. मोकळी हवा मिळेल."

"आणि जेवण?"

"हितेंद्र बघेल सगळं."

हितेंद्र आमचा टूर मॅनेजर, धुळ्याचा. तोंडात साखर आणि हातात सतत फोन. त्यानं घरी येऊन नानांच्या पाया पडून शब्द दिला, की जैन जेवण रोज सूर्यास्ताच्या आत टेबलावर. नाना म्हणाले, "समुद्र कधी पाहिला नाही. आता दिसणार नाही, पण हात घालून बघतो." या वाक्यानंतर मला नाही म्हणता येईना.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी जेवण साडेसहाला आलं. सूर्य सव्वासहाला बुडाला होता. नाना उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी आमची व्हॅन ट्रॅफिकमध्ये अडकली. तिसऱ्या दिवशी जिनेशला तारेवरून लोंबकळत दरी पार करायची होती, त्या रांगेत दीड तास गेला. मी खांद्याला पिशवी अडकवून उभी. पिशवीत खाकरे, गुळपापडी, नानांच्या मधुमेहाच्या गोळ्या, पाण्याची बाटली. सगळे फोटो काढत होते आणि मी सूर्य मोजत होते.

"तू एन्जॉय का करत नाहीस?" जिनेश तारेवरून उतरून म्हणाला. हेल्मेटमुळे केस चपटे झाले होते, चेहरा मात्र नुकता लग्न ठरलेल्या मुलासारखा.

"तुमचे वडील दोन दिवस उपाशी आहेत."

"चोविहार त्यांचा आहे, चेलना. तुझा नाही."

बरोबर होतं त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

आमच्याबरोबर फैजपूरचे नथ्थूभाऊ आणि सुनंदाबाई होते. केळीवाले, नानांच्या जुन्या घरोब्यातले. सुनंदाबाई तिथल्या बोटभर केळ्यांकडे बघून म्हणाल्या, "याहिले आपल्या फैजपूरचा एक घड दाखवा लागते." त्या चार दिवसांत मी एवढ्या एका वाक्याला हसले.

३

चौथ्या दिवशी समुद्रातल्या गुहा. मोठ्या बोटीतून जायचं, मग रबरी होडीत बसायचं, एका होडीत नावाडी आणि दोन माणसं. समुद्रातून सरळ वर आलेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी भोकं, त्या भोकांतून आत. चारला जायचं ठरलं होतं. जिनेशनं आधी कुठल्यातरी खडकावरून पाण्यात उड्या मारल्या, एकदा नाही, चार वेळा. आम्ही होडीत बसलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"वीस मिन्टांत भाईर," हितेंद्र म्हणाला. "पावणेसहाले नाना जेवतीन. माना शब्द शे."

असाच शब्द त्यानं सकाळीही दिला होता, म्हणून मी पाचलाच नानांना गोळी दिलेली होती. गोळी घेतली की पाऊण तासात जेवायला लागतं.

आमची होडी सगळ्यात पुढे होती. नानांनी हात पाण्यात सोडला होता आणि ते हसत होते. मागे सुनंदाबाई आणि नथ्थूभाऊ, त्यांच्या मागे जिनेश आणि हितेंद्र. गुहेचं तोंड बुटकं होतं. आत शिरताना आडवं पडायला लागलं. छत नाकापासून वीतभर वर. आत थोडं रुंद झालं, अंधार झाला, वटवाघळांचा वास आला, आणि आमचा म्हातारा नावाडी थांबला. मागच्या नावाड्याशी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, "वॉटर अप. वेट."

भरती. बाहेर पडायचं भोक पाण्यानं बुजलं होतं. पाणी उतरेपर्यंत थांबायचं. त्यानं कपाळावरचा दिवा बंद केला, वटवाघळं बिथरतात म्हणून.

"भाभी, बठ्ठं बराबर शे! टेन्शन लेऊ नका!" सगळं ठीक आहे म्हणून मागून हितेंद्र ओरडला. त्याचा आवाज जवळच विरला. छत इतकं खाली आणि ओलं होतं की आवाज फिरून येतच नव्हता. जिनेश कोणाला तरी हाका मारत होता, त्याही तशाच विरल्या. हे मला त्या वेळीच जाणवलं होतं, हे मुद्दाम सांगते.

किती वेळ गेला ते मी फोनवर सारखं बघत होते. सहा. सहा दहा. सहा वीस. नानांचा हात माझ्या हातात होता आणि तो आधी घामेजला, मग थरथरायला लागला. साखर उतरत होती. मी पिशवी उघडून डबा मांडीवर घेतला. सहा एकतीस.

"चेलना," नाना म्हणाले. आवाज अगदी बारीक. "दिवस आहे का?"

सूर्य बुडून सोळा मिनिटं झाली होती. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तोंड मिटून घेतलं असतं, मला माहीत आहे. म्हणून मी खोटं बोलले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या मनात दया नव्हती. राग होता. जिनेशवर, हितेंद्रवर, आणि सगळ्यात जास्त या म्हाताऱ्यावर, जो दगडाच्या पोटात आडवा पडूनही मला तेच विचारत होता.

"आहे," मी म्हणाले.

आणि तो शब्द परत आला. मागून नाही, पुढून. आमच्या पुढे होडी नव्हती, फक्त काळं पाणी आणि बंद झालेली वाट होती. माझाच आवाज, थोडा सावकाश, थोडा मऊ.

"आहे, नाना. खा."

मी फक्त 'आहे' म्हणाले होते.

"बरं," नाना म्हणाले, आणि त्यांनी गुळपापडीसाठी तोंड उघडलं.

४

बाहेर आलो तेव्हा सात वाजले होते. मोठ्या बोटीवर नाना म्हणाले, "ऊन लागत नाही गं अंगाला." मी म्हटलं, "ढग आहेत." म्हणजे आणखी एक खोटं.

सुनंदाबाईंनी मला जवळ घेतलं. "काय झालं वं चेलना? चेहरा असा काऊन उतरेल हाये?"

"तुम्हाला आत माझा आवाज आला का? मी नानांना काय म्हणाले?"

"आला ना. खा म्हने तू. बरं केलं माय, म्हातारा माणूस."

म्हणजे मीच म्हणाले असेन. घाबरलेलं माणूस काय बोललं ते लक्षात ठेवत नाही. मी स्वतःला असं समजावलं आणि हॉटेलवर जाऊन अंघोळीला गेले. घसा खवखवत होता.

अंघोळ करून खाली आले तर डायनिंग हॉलमध्ये नाना जिनेशसमोर बसून दहीभात खात होते. भिंतीवर घड्याळ होतं. पावणेनऊ.

"नाना!"

"काय गं?" त्यांच्या ओठाला दही लागलं होतं.

"तुम्ही जेवताय?"

"तूच म्हणालीस ना, अजून दिवस आहे म्हणून."

"मी वर होते."

"जाताना म्हणालीस," जिनेश म्हणाला. "मीही ऐकलं. इथून, मागून. आता भर हॉलमध्ये तमाशा करू नकोस."

मी काही म्हणालेच नव्हते. पण बायकोनं नवऱ्याला 'मी असं म्हणालेच नाही' हे सांगणं आणि नवऱ्यानं 'म्हणालीस' सांगणं, यात नवीन काय आहे? आमचा निम्मा संसार याच वाक्यावर चालला आहे. जिनेशनं मान हलवली आणि नानांना आणखी भात वाढला.

५

परतीच्या दिवशी विमानतळावर सुनंदाबाई हरवल्या. हितेंद्रची धावाधाव झाली. अर्ध्या तासानं त्या दुसऱ्याच टोकाच्या गेटवर बाकावर बसलेल्या सापडल्या, हातात चपला, डोळ्यांत पाणी.

"तूच तं म्हने ना, पुढे या म्हून," त्या माझ्यावरच डाफरल्या. "मी आवाजाच्या मागं मागं आली. पुढे या, पुढे या. अन् तू दिसेच ना."

"सुनंदाकाकू, मी नानांजवळ होते."

"मंग मी काय येडी हाये का?"

माझा घसा तोवर पार बसला होता. बोलायला गेले की नुसती हवा निघायची. "बर्फाचं पाणी," जिनेश म्हणाला. "सांगत होतो नारळपाणी पी." मी भांडणार होते, पण भांडायला आवाज लागतो.

विमानात नाना खिडकीशी बसले होते. एअर होस्टेसनं चहा विचारला. बाहेर काळोख होता. नानांनी मान जराशी वळवली, माझ्या बाजूला नाही, खिडकीच्या बाजूला. ओठ हलले. मग ऐकत असल्यासारखे थांबले, समाधानानं मान डोलावली आणि चहा घेतला.

मी जिनेशचा दंड धरला. तो झोपेत म्हणाला, "पिऊ दे गं."

६

घरी आल्यावर सगळं नीट होईल असं मला वाटलं होतं. ओळखीच्या भिंती, ओळखीचा सूर्य. जळगावात त्या दिवसांत सहाला दिवस मावळतो. मी साडेपाचला ताट वाढून नानांसमोर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"भूक नाही. नंतर बघू. अजून पुष्कळ दिवस आहे."

साडेसात वाजता मी कपड्यांच्या घड्या घालून खोलीतून बाहेर आले तर ते जेवत होते. ताटात खिचडी. मी खिचडी लावलेली नव्हती. सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या पुष्पाबाईला दुसऱ्या दिवशी विचारलं, म्हणजे कागदावर लिहून दाखवलं.

"तुम्हीच सांगितलं ना ताई," ती म्हणाली. "दारातून आवाज दिला, की नानांची खिचडी लावून ठेवत जा. आता घसा बसला तर विसरून बी गेल्या का?"

घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र सुजलं आहे. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. गोळ्या दिल्या. मी मुकाट्यानं घरी आले, अगदी शब्दशः.

आता माझी अवस्था बघा. जिनेशला मी वहीत लिहून सांगू शकत होते. पुष्पाबाईला कागद दाखवू शकत होते. ज्या एका माणसाला सांगायचं होतं, त्याला कागद दिसत नव्हता. मी नानांसमोर ताट ठेवायची, त्यांचा हात ताटाला लावायची. ते म्हणायचे, "कोण? पुष्पाबाई का?" आणि संध्याकाळी, मी स्वयंपाकघरात असले की हॉलमधून, हॉलमध्ये असले की गॅलरीतून, ते कोणाशी तरी बोलताना ऐकू यायचे. विचारायचे, थांबायचे, 'बरं' म्हणायचे. मला फक्त त्यांचाच आवाज यायचा.

पाचव्या दिवशी मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तो नानांच्या पलंगाखाली ठेवला आणि गच्चीवर गेले. मुद्दाम शेजारच्या मोहिनीताईंना हात केला, त्यांच्या गच्चीच्या कठड्याशी पाऊण तास उभी राहिले, म्हणजे साक्षीदार असावा. सूर्य डाळ मिलच्या चिमणीमागे बुडाला. मग खाली आले.

रात्री जिनेश दुकानातून आल्यावर त्याला ऐकवलं. पंख्याची घरघर. नानांचा खोकला. मग,

"चेलना, दिवस आहे का?"

"आहे, नाना. खा."

स्वच्छ, माझा आवाज. गेल्या आठवडाभरात माझ्या गळ्यातून निघाला नव्हता असा. फक्त त्याच्या मागे एक घुमारा होता, दगड जवळ असल्यासारखा. आमच्या घरात गाद्या आहेत, पडदे आहेत, असा घुमारा येत नाही.

जिनेशनं फोन खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय आणि तू बोलतेस? आणि वर रेकॉर्ड करून मला ऐकवतेस?"

मी वहीत लिहिलं : *मी गच्चीवर होते. मोहिनीताईंना विचारा.*

"मोहिनीताईंना विचारू की माझी बायको कुठे होती? हे बघ, आवाज तुझा आहे. मी वीस वर्षं ऐकतोय. मला ओळखता येत नाही का?"

*मी नाही.*

त्यानं वही बाजूला सारली. मग त्याचा आवाज उतरला. "चेलना, माझ्या आयुष्यात नाना माझ्यासोबत रात्री कधी जेवले नाहीत. एकदाही नाही. लहानपणी दुकानातून ते यायचे तोवर दिवस गेलेला असायचा. मग ते पाणीही न पिता माझ्या ताटासमोर बसायचे. मला घास गिळायची लाज वाटायची. आता आठ दिवस ते माझ्याबरोबर खातायत, हसतायत. तू हे का मोडतेस? तूच सुरू केलंस ना ते, त्या गुहेत? चांगलं केलंस. आता चालू दे."

मला त्याची कीव आली आणि त्याच्या डोक्यात वही घालावीशीही वाटली. नानांनी साठ वर्षं एक गोष्ट सांभाळली होती. ती त्यांनी मोडली नव्हती, त्यांना न कळता मोडली जात होती, रोज, माझ्या नावानं. आणि त्याची सुरुवात मीच केली होती. हे मला एकटीला ठाऊक होतं आणि त्यांना सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. डॉक्टर गेले खड्ड्यात. नानांना खरं सांगायचं, क्षमा मागायची. आमच्यात पर्युषणाच्या शेवटी सगळे सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम म्हणतात, कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी म्हणून. दर वर्षी मी ते फोनवर शंभर लोकांना पाठवते. खरंखुरं एकदाही कोणाला म्हटलं नव्हतं.

जिनेश दुकानात होता. पुष्पाबाई गेली होती. सव्वासहा झाले होते, गॅलरीत उजेड राखाडी झाला होता. मी घरातले सगळे दिवे लावले, एक स्वयंपाकघराचा सोडून, कारण तिथे काही काम नव्हतं. नाना हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मी जमिनीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"नाना," मी म्हणाले. जे बाहेर पडलं ते घोगरं, फाटलेलं होतं. मलाच ते परकं वाटलं. तरी मी थांबले नाही. घशात काचा टोचत होत्या.

"नाना, दिवस गेला आहे. त्या दिवशी गुहेतही गेला होता. मी खोटं सांगितलं. तुमची साखर उतरली होती हे खरं, पण मी तुमच्या काळजीनं नाही बोलले, रागानं बोलले. तुमचा चोविहार माझ्यामुळे मोडला. तेव्हापासून रोज मोडतोय. दोष सगळा माझा आहे. तुम्ही आता कोणी काही सांगितलं तरी ऐकू नका. मला क्षमा करा. मिच्छामि दुक्कडम."

नाना शांतपणे ऐकत होते. चेहरा माझ्याकडे होता. बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं.

"हे कालच कळलं मला," नाना म्हणाले.

"काल?"

"चेलनानं स्वतः सांगितलं. इथेच बसून. गुहा, राग, सगळं. फार रडली पोर. मी तिला क्षमा केली. डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, तू खरं सांगितलंस, आता तुझ्या शब्दावर माझा पहिल्यापेक्षा जास्त विश्वास आहे." त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "पण बाई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. "नाना, मीच चेलना."

"तुमचा घसा बरा दिसत नाही," ते म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अदबीनं. "शेजारच्या का तुम्ही?"

"नाना, मी आहे. माझा हात बघा. बांगड्या बघा."

त्यांनी खरंच माझ्या मनगटावरून बोटं फिरवली. बांगड्या चाचपल्या. पानबाईंनी लग्नात घातलेल्या होत्या, त्यांना माहीत होत्या. एक क्षण त्यांचा चेहरा गोंधळला, आणि मला वाटलं, ओळखलं. आता ओळखलं.

मग त्यांनी मान वळवली. माझ्यापासून दूर, स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या दाराकडे, आणि ज्या विश्वासानं ते रोज मला विचारायचे त्याच विश्वासानं विचारलं,

"चेलना, ही कोण आली आहे गं?"

स्वयंपाकघरात स्टीलची वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. दाराच्या पडद्याखाली फरशी ओली झालेली होती, आणि त्या ओल्या फरशीवर दोन पावलं उभी होती, आमच्याकडे तोंड करून.

"कोणी नाही, नाना," माझा आवाज म्हणाला.

नानांनी मान डोलावली, आणि माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.